डाव्या हाताचा कळफलक

राइली वुओलिओ फिनलंडमधल्या तांपेरे शहरात एका पेन्शन कंपनीत लागली ती टायपिस्ट म्हणून. वय एकोणीस, आणि गणिताशी उभा दावा. पण तिथे वेइक्को सारेल्मा नावाचे गणिती होते. त्यांच्या टेबलावरच्या यंत्रातून बाण, वर्तुळं, त्रिकोण असलं काहीबाही उमटायचं आणि राइली येता-जाता तिथे घुटमळायची. एक दिवस वेइक्कोंनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. ही एपीएल नावाची संगणकाची भाषा, म्हणाले, हिच्यात एकेका कामाला एकेक चिन्ह.

"मला इंग्रजी येत नाही," राइली चाचरत म्हणाली.

"उत्तम. हिलाही येत नाही."

दोन वर्षांत राइली पेन्शनची गणितं लिहू लागली. टायपिस्ट पोरगी हे काय करणार, असं साहेब लोक म्हणाले तेव्हा वेइक्कोंनी तिचं काम त्यांच्यापुढे ठेवलं आणि चूक काढून दाखवा म्हणाले. कुणाला सापडली नाही. त्याच कामावर तिने पस्तीस वर्षं काढली, दोन मुली वाढवल्या.

ती निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी वेइक्कोंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, लिहायला अक्षरंही जुळेनाशी झाली. तोंडातून एकच शब्द यायचा, "हो", आणि तो नाहीसाठीही तोच. राइली भेटायला गेली तेव्हा त्यांची बायको हेल्वी रडकुंडीला आली होती. दोन आठवडे ते टेबलावर बोटाने काहीतरी गिरवतायत, म्हणाली, आणि मला कळत नाही म्हणून चिडतात.

"आताही तेच चाललंय बघ," हेल्वी म्हणाली.

राइलीने पाहिलं. सांडलेल्या साखरेत वर्तुळ होतं आणि त्यातून आरपार गेलेली उभी रेघ. हे चिन्ह तिने हजारदा टाइप केलं होतं. समोरची रांग उलटी फिरव, असा त्याचा अर्थ. वेइक्को भिंतीकडे तोंड करून बसले होते, खिडकी आणि तिच्याबाहेरचं तळं पाठीमागे. तिने त्यांची चाकाची खुर्ची खिडकीकडे फिरवली.

"हो," वेइक्को म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

घरी येऊन राइलीने जुना लॅपटॉप काढला. फिनिश कळफलकावर चिन्हांची कळ म्हणून स्पेसबारच्या उजवीकडची कळ वापरावी, तर ती आधीच कंसांसाठी राखलेली. मग तिने डाव्या कडेची मोठ्या अक्षरांची कळ त्या कामाला लावली. ती दाबून ठेवली की अक्षरांच्या जागी चिन्हं. कुठल्या कळीवर काय, हे कळावं म्हणून तिने लाल शाईने छोट्या चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या.

गुरुवारी लॅपटॉप वेइक्कोंपुढे ठेवला आणि ती खजील झाली. एक कळ दाबून धरायची आणि दुसरी मारायची, तर हात दोन लागतात. वेइक्कोंनी खटपट केली, मग हात मांडीवर ठेवून दिला.

"थांबा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "एकदा दाबून सोडली की चिन्हं, पुन्हा दाबली की अक्षरं, असं करते."

हेल्वीने कॉफी केली, वेलचीचे पाव गरम केले. तासाभराने कळफलक तसा चालू लागला. वेइक्कोंनी तो पुढे ओढून घेतला. तळ्यावरचं बर्फ कधी फुटलं, याच्या चाळीस वर्षांच्या नोंदी हेल्वीच्या वहीत होत्या. त्या आकड्यांची सरासरी, सगळ्यात उशिराचं वर्ष, त्यांनी एका हाताने काढून दाखवलं.

निघताना हेल्वी दारापर्यंत आली. तुझे उपकार कसे फेडू, म्हणू लागली.

"उलट बोलताय तुम्ही," राइली म्हणाली. "माझं घर ह्या चिन्हांवर उभं राहिलं. आणि त्या खुर्चीत मला कुणी बसवलं होतं?"

वाचा काही परत आली नाही. पण राइली दर गुरुवारी बसने जाते. मागच्या वेळी तिने तिथे बसून एक लांबलचक ओळ लिहिली होती. वेइक्कोंनी ती पाहिली, निम्मी पुसली, चार चिन्हांत बसवली आणि तिच्याकडे मिस्कील नजरेने बघितलं. राइलीने ती आपल्या वहीत उतरवून घेतली.