आत्यांना पटत नाही

आमच्या शेजारच्या आत्यांइतकी कडक बाई डहाणूपासून तलासरीपर्यंत, आणि मला वाटतं पुढे थेट स्वर्गाच्या फाटकापर्यंत, दुसरी सापडायची नाही. तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहात त्यांनी रेक्टरबाई म्हणून जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या आळीलाच वसतिगृह समजून त्या डहाणूत राहायला आल्या. सिनेमाची गाणी त्यांना पटत नाहीत, पत्ते पटत नाहीत, बिनबाह्यांचे ब्लाउज पटत नाहीत. प्रार्थनासुद्धा त्या विनवणीच्या सुरात करत नाहीत. "प्रभू, मागच्या आठवड्यात सांगितलं होतं, त्याचं काय झालं?" असं भिंतीपलीकडून ऐकू आलं, की माझी बायको म्हणते, "आज देवाची काही धडगत नाही." गुडघे धरल्यापासून रविवारी त्यांना स्कूटरवरून त्यांच्या ख्रिस्ती देवळात नेणं माझ्याकडे आलं. मी गणपतीवाला, म्हणून शेवटच्या बाकावर बसतो. पास्टरांचं प्रवचन लांबलं की आत्या पुढच्या बाकावर खोकतात, आणि पास्टर 'आमेन'कडे वळतात.

आत्यांचा जीव एकाच माणसात अडकलेला, त्यांच्या भाच्यात. भावाचा हा मुलगा घोलवडला चिकूच्या नर्सरीत कामाला आहे आणि उपासनेत पेटी वाजवायचा. घरचे लग्नासाठी मागे लागले तेव्हा तो आत्यांच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, मला मुलगी बघू नका. चिंचणीचा माझा मित्र आहे ना, आम्ही एकत्र राहतो ते लग्नासारखंच आहे." मी कुंपणाशी जास्वंदीला पाणी घालत होतो, ते घालतच राहिलो. आत्यांनी तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मला हे पटत नाही. मरेपर्यंत पटायचं नाही. शास्त्रात बसत नाही." तो उठायला लागला. "बस. जेवलास का?"

तेव्हापासून रविवारी दुपारी दोघंही जेवायला येऊ लागले. ताटावर आत्या मोठ्यानं प्रार्थना करायच्या, "प्रभू, या दोघांना सुबुद्धी दे," आणि चिंचणीचा तो कोळ्याचा पोर सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणायचा. बोंबील मात्र त्याच्याच ताटात जास्त पडायचे.

मग निवडणूक आली. देवळाच्या मंडळीत भाच्याबद्दल कुजबुज सुरू झालीच होती. वडीलधाऱ्या पंचांनी भाच्याला "थोडे दिवस पेटीपासून लांब राहा" असं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तो माझ्याच बाकावर मान खाली घालून बसायचा. प्रचाराच्या दिवसांतल्या एका रविवारी पास्टरांनी संदेशाच्या जागी एका उमेदवाराला उभं केलं. गळ्यात उपरणं, हातात कुणाचं तरी बायबल. तो म्हणाला, "आम्हाला मत म्हणजे प्रभूला मत! आम्ही निवडून आलो, तर ही घाणेरडी थेरं करणारी पोरं या भागात राहू देणार नाही."

आत्या खोकल्या. तो थांबला नाही. मग त्या बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, प्रभू निवडणुकीला उभा आहे का? मग त्याची निशाणी काय?"

मागे कोणीतरी फिस्कन हसलं. एक पंच घाईनं उठले. "आत्या, खाली बसा. शास्त्र काय म्हणतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मलाही पटत नाही, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण घरात सांगितलं, जेवायला वाढून. मतं मागायला नाही सांगितलं." मग त्या उमेदवाराकडे वळल्या. "पापी हाकलायचे तर माझ्यापासून सुरुवात करा. नाहीतर खाली उतरा. सभा घ्यायला वाणगावचा बाजार आहे."

पास्टरांनी घाईघाईनं गीत जाहीर केलं. आत्यांनी मागे वळून भाच्याला पेटीकडे जायची खूण केली. तो उठला, आणि दारातून सरळ बाहेर गेला. पेटीशिवायच सगळे गायले. आत्या सर्वांत मोठ्यानं, आणि सर्वांत बेसूर.

मंडळी काही त्यांच्या बाजूनं उभी राहिली नाही. त्या देवळात घेत असलेला मुलांचा रविवारचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. "नाही देत म्हणाले तर नको," असं म्हणून त्यांनी तो स्वतःच्या ओट्यावर भरवला. पहिल्या रविवारी तीनच पोरं आली. बाक मात्र त्यांनी सोडला नाही. दर रविवारी त्या पुढेच बसतात, शेजारची जागा रिकामी असली तरी. भाचा पुन्हा देवळात आला नाही, जेवायला येतो.

परवा रविवारी ओट्यावर बसलो असताना त्यांनी अचानक विचारलं, "माझं काही चुकतंय का रे?"

"कुठलं, आत्या? पटत नाही ते, की जेवायला घालता ते?"

त्यांनी चष्मा काढला. पदरानं तो पुसत राहिल्या.

"दोन्हीतलं एक तरी चुकत असणार," त्या हळूच म्हणाल्या. मग चष्मा घालून घोलवडच्या रस्त्याकडे बघत बसल्या. "आज उशीर केला पोरांनी. कालवण गार होतंय."