कपाळावरचा डाग

कासारवाडी स्टेशनजवळच्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवस आणि श्रद्धांजली एकाच कॉम्प्युटरवर होतात, आणि दोन्हीकडे मी कोट घालते. म्हणजे गिऱ्हाईक मोबाइलवरचा कसलाही फोटो आणतं, त्यातलं तोंड तेवढं उचलून मी ते कोट-टायवाल्या धडावर बसवते. वारलेल्या माणसाला तर कोट लागतोच. जन्मात कधी टाय न लावलेली माणसं आमच्या चौकात साहेब होऊन टांगलेली असतात. मला या प्रकाराची चीड येते, पण पगार त्याचाच मिळतो.

त्या दिवशी संत तुकाराम नगरातून एक मावशी आल्या. मूळच्या बीडकडच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा चाकणच्या कंपनीत होता, शिफ्ट सुटल्यावर घरी येताना ट्रकखाली गेला. त्याचं वर्षश्राद्ध आलं होतं. मोबाइल त्याच्याबरोबरच चिरडला, घरात उरला तो आधार कार्डावरचा काळपट चेहरा. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मात्र आमच्याकडेच झाला होता, माझ्या आधीच्या डिझायनरच्या हातचा; त्यासाठीचा फोटो कंपनीतल्या कुणीतरी परस्पर पाठवला होता. त्यातला चेहरा मोठा करून फ्रेमला द्या, एवढंच मावशींचं मागणं. चंदनाचा हार त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता, पिशवीतून काढून दाखवलाही.

जुनी फाइल सापडली. ती वेक्टर फाइल, म्हणजे एकावर एक रचलेल्या आकृत्यांची. आमच्या छपाईच्या मशिनला ती कळत नाही. सगळं सपाट करून, ठिपक्याठिपक्यांचं चित्र बनवून द्यावं लागतं, तेही फाइल दाबून लहान न करता, टिफ नावाच्या चांगल्या जडशीळ प्रकारात. मी टिफ केली. चेहरा मोठा झाला तसा कपाळावर, केसांच्या कडेला, एक तपकिरी डाग दिसला. मी ब्रश फिरवून तो पुसला.

मग लक्ष गेलं मूळ फाइलच्या वजनाकडे. एवढ्याशा तोंडाला एवढी जड फाइल कशी? वेक्टरमध्ये फोटो कापला तरी खरा कापला जात नाही. ब्लाउजच्या शिवणीत जादा कापड मुडपलेलं असतं, तसा उरलेला भाग चौकटीमागे राहतो. टिफ केली की मात्र तो गेला. मी चौकट उघडली.

आत अख्खा फोटो होता, खंडेनवमीचा. त्या दिवशी त्या कंपनीत कामगारांच्या घरच्यांना पूजेला आत सोडतात. झेंडूच्या माळा घातलेलं मशिन, युनिफॉर्ममध्ये हसत वाकलेला मुलगा, आणि त्याच्यासमोर मावशी. त्याच मावशी, ज्या आत्ता माझ्या पाठीमागे स्टुलावर बसल्या होत्या. त्या त्याला कुंकू लावत होत्या. मी डाग म्हणून पुसलं ते त्यांच्या बोटाचं टोक होतं.

मी स्क्रीनच त्यांच्याकडे वळवली.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी स्क्रीनवरच्या त्या बोटापाशी स्वतःचं बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"मला कशापायी काढलं ह्यातनं?" त्यांनी विचारलं.

उत्तर गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी दिलं. फोटोला हार चढणार, आणि जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, म्हणून आईला काढावंच लागतं. खोटं नव्हतं ते, आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. मग मला त्यांनी हळूच खूण केली, कोटवालाच दे. मला त्यांचा भयंकर राग आला. पण हार तर मावशींच्याच मांडीवर होता.

मावशींनी हाराकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"मग हार नगं," त्या म्हणाल्या. "दोघांचा मोठा करा."

मी अख्ख्या फोटोची टिफ केली. ब्रशला हातही लावला नाही. फोटो छापून, फ्रेममध्ये बसून येईपर्यंत मावशी मशिनजवळच उभ्या राहिल्या. फ्रेम छातीशी धरून त्या पायऱ्या उतरल्या तेव्हा हार काउंटरवर तसाच पडला होता. मालकांनी मागून हाक मारली. त्या वळल्या नाहीत.