खोट्या सुतकातला बास्केटबॉल

गेल्या दिवाळीत माझ्या वडिलांनी मला बास्केटबॉल शिकवला. वय सत्त्याहत्तर, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, पाय स्टुलावर लांब केलेला आणि हातात माझाच मोबाईल. "हे बग," आप्पा म्हणाले, "ह्या रेषेच्या भाईरनं टाकला तर तीन पॉइंट. आतनं टाकला तर दोन. ध्यानात आलं का?"

मी म्हटलं, आलं.

तो गेम मी शेवगावला माझ्या घरी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वेळ घालवायला म्हणून घेतला होता. कार्टूनचे खेळाडू, डोकी कलिंगडाएवढी आणि पाय बोटभर. डाव्या कोपऱ्यात पुढे-मागे पळायचे दोन बाण, उजवीकडे एक लाल गोल. गोल दाबून धरला की खेळाडू उडी मारतो आणि अंगठा उचलला की चेंडू सुटतो. सासरी माझ्या मोबाईलला कुलूप असतं. माहेरी आल्यावर मी ते काढून टाकते. आमच्या शिंगणापूरच्या घराला, शनीच्या गावातल्या सगळ्याच घरांसारखं, दारच नाही, नुसती चौकट आणि पडदा, तिथे मोबाईलला कुलूप लावलेलं बरं दिसत नाही. त्यामुळे मी पहिल्याच दुपारी चकल्या तळून बाहेर आले, तर आप्पा घरापुढच्या आमच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात बसून बास्केटबॉल खेळत होते आणि समोर गिऱ्हाईक तेलाची बाटली हातात धरून ताटकळत होतं.

आठ दिवसांत आप्पा तरबेज झाले. त्यांचा खेळाडू ठरलेला होता. निळी हाफपँट घातलेली, लांब वेणीची एक पोरगी. बाकी दाढीवाला होता, टकला होता, एक चष्मेवालाही होता, पण आप्पांना तीच लागायची. "लई चपळ हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "बगा, कशी उडी मारतीय पोरगी! वाघीन हाय वाघीन!"

मी आत जाऊन परातीतलं पीठ गरज नसताना पुन्हा मळलं. इतका राग आला होता.

कारण मी खेळायचे. आठवीपासून दहावीपर्यंत, शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, मी रोज सकाळी बास्केटबॉल खेळायचे. उंची होती, मनगट चांगलं होतं. सर म्हणायचे की चेंडू हातातून कधी सोडायचा हे हिला शिकवावं लागत नाही. दहावीत आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला आणि पुण्याला विभागाच्या सामन्यांना जायचं ठरलं. मी निळ्या हाफपँटीला नवीन नाडी घातली. घराला दार नसल्यामुळे ती पँट मी कधी अंगणात वाळत घातली नाही, दोन वर्षं उशाखाली वाळवली. तरी दुकानात येणाऱ्या कुणीतरी आप्पांना सांगितलंच, तुमची पोर मांड्या उघड्या टाकून पळते म्हणून.

आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी सायकलवरून कुठेतरी जाऊन आले आणि म्हणाले, "तुझ्या सरांनी दुसरीला घेतलं. तू ऱ्हाऊ दे. शनिवारची गर्दी हाय, दुकानात बस."

मी विश्वास ठेवला. दोन दिवस शाळेत गेले नाही, रुईच्या पानांच्या माळा ओवत बसले आणि सरांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. आपण नक्की कुठे कमी पडलो ते आठवत राहिले. एकदा सरावात पाय मुरगळला होता, तेव्हापासून त्यांच्या मनातून उतरले असेन, असंही ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी सर आले. पांढरा शर्ट, मान खाली. दुकानात थोरले चुलते गल्ल्यावर बसले होते. त्यांना सरांनी हळूच विचारलं, "या दुकानाचे थोरले मालक वारले ना? भेटायला आलोय. त्यांचं घर हेच का?"

चुलते म्हणाले, "थोरला मालक मीच की!"

आप्पांनी सरांना सांगितलं होतं की थोरला भाऊ गेला, घरात सुतक आहे, दहा दिवस पोरगी कुठे जाऊ शकत नाही. भावकीतलं सुतक म्हटल्यावर सर काय बोलणार? पण आप्पा एक गोष्ट विसरले. सुतकात शनीच्या पूजेच्या सामानाचं दुकान उघडं ठेवत नाहीत. शनिवारचा धंदा सोडवला नाही, म्हणून फळी उघडी राहिली आणि मेलेला माणूस गल्ल्यावर बसून उडीद मोजत राहिला.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "शेवटपर्यंत तुझी जागा ठेवली होती. पाचाऐवजी चार जणीच खेळल्या बराच वेळ." मग आप्पांकडे बघत राहिले. आप्पा म्हणाले, "आमचा घरचा मामला हाय, सर. च्या घ्या." सर चहा न घेता गेले. त्यानंतर मी मैदानावर पाय ठेवला नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली, पुढच्या वर्षी लग्न.

थोरल्या चुलत्यांना मात्र हसू आवरेना. खोटी मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, ते त्यांनी गावभर सांगितलं. "भावानं माझं आयुष्य वाढवलं!" म्हणत ते पुढे वीस वर्षं जगले, खरोखर जगले. आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला निघते. मास्तर कसा तोंड पाडून आला, मेलेल्यालाच मेलेल्याचा पत्ता कसा विचारला. पोट धरून हसतात सगळे. माझी मुलंही हसतात. आप्पांनी ते खोटं कशासाठी सांगितलं होतं, हा भाग गोष्टीतून कधी गळून पडला ते मला कळलंही नाही. मी तिथेच ताटं वाढत असते आणि कुणी माझ्याकडे बघतही नाही.

तर त्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, आप्पा म्हणाले, "ये, दोघं खेळू. एका मोबाईलवर दोगांना खेळता येतं." मोबाईल आमच्या मध्ये स्टुलावर आडवा ठेवला. वेणीवाली त्यांनी घेतली, मला दाढीवाला दिला. अकरा पॉइंटांचा खेळ. "घाबरू नकू," ते म्हणाले, "हळूहळू जमंल तुला."

मी त्यांना एकही पॉइंट करू दिला नाही. म्हाताऱ्या माणसाला, आजारी बापाला जिंकू द्यावं, हे मला कळत होतं. नाही दिलं. उडी सर्वांत वर पोचली की अंगठा उचलायचा, एवढंच तर होतं, आणि ते माझ्या हाताला पंचवीस वर्षांनीही येत होतं. काचेवर बोट होतं, पण मनगट आपोआप वाकत होतं. अकरा-शून्य झाले तेव्हाच मी काचेवरून हात काढला.

आप्पा थक्क झाले. "आयला! कुठं शिकलीस गं?"

इतकी वर्षं मी वाट बघत होते की हा माणूस कधीतरी एकदा, एका वाक्यात, आपण काय केलं ते म्हणेल. माफी नको होती. नुसतं आठवलेलं हवं होतं. मी म्हणाले, "थोरले चुलते वारले होते ना, तेव्हा."

ते हसायला लागले. सवयीचं हसू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दादाचं लई आयुष्य वाढलं बग त्यानं..." आणि मध्येच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे न बघता, मोबाईलकडे बघत म्हणाले, "तवा नाशिकला जायचं हुतं न्हवं तुला?"

"पुण्याला," मी म्हटलं.

"तेच ते," आप्पा म्हणाले आणि वेणीवाली पोरगी पुन्हा स्वतःसाठी निवडून त्यांनी नवा डाव लावला.