चार भिंती आणि जुना कॅमेरा

भूकंपानंतर आमच्या निशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला तडा गेला. घरमालकाने माणूस पाठवला. त्याने भिंत ठोकून बघितली, फक्त गिलावा तडकलाय म्हणाला, जपानी रीतीप्रमाणे कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेला. माझं समाधान झालं. पुण्यात आईचं झालं नसतं.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मला चारी भिंती दाखवायला लावायची. आमच्या जुन्या लॅपटॉपचा कॅमेरा इतका भिकार होता की तडा दिसायचाच नाही. भिंत म्हणजे नुसतं ताक. आई म्हणायची, "छान आहे हो घर."

नवऱ्याची नोकरीच मुळी कॅमेऱ्याची चित्रं अधिक स्पष्ट करण्याची. त्याने हौसेने नवा लॅपटॉप आणला. मी सांगितलं, रविवारी जुनाच लागेल. तो दुखावला. दुखावू दे. पुढे तडा बुजवला, तरी मी जुना लॅपटॉप टाकू दिला नाही. त्यात माझे पांढरे केसही दिसत नव्हते.

काही वर्षांनी पुण्याला गेले, तर आईने काठी टेकत दार उघडलं. कॉलवर काठी कधीच दिसली नव्हती.

"मला सांगितलं का नाहीस?" मी चिडले.

"तू तरी भिंतीचं कुठे सांगितलंस?"

"त्या कॅमेऱ्यात तडा दिसायचा?"

"छे गं, काय दिसतंय त्यात! पण तीन भिंती निवांत दाखवायचीस, आणि चौथीपाशी आलीस की तुला गॅसवरचं दूध आठवायचं."