चार घरांतल्या गाई

बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यात चारा नव्हता, पाणी नव्हतं, पण मी होतो. संख्याशास्त्राची ताजी पदवी आणि हाताने फिरवायचं एक गणकयंत्र, एवढ्या भांडवलावर मी जनावरांच्या खात्यातल्या एका कचेरीत चिकटलो होतो. मला काय-स्क्वेअर चाचणी येत होती आणि कचेरीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती. असा माणूस दुष्काळाहून जास्त नुकसान करू शकतो.

सोनईकडच्या एका गावात गाईंच्या कृत्रिम रेतनाचं केंद्र होतं. तिथे दोन कर्मचारी. लोक दोघांनाही डॉक्टरच म्हणत. थोरला पन्नाशीचा, पोट सुटलेला, कायम नोकरीतला. धाकटा नुकताच लग्न झालेला आणि हंगामी. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या महिन्यात ठरायचं होतं.

साहेब म्हणाले, "धाकट्याच्या गाई गाभण राहत नाहीत अशी ओरड आहे. तुमचं शास्त्र लावून बघा."

आकडे उतरवायला गेलो तर धाकट्याने घरी जेवायला नेलं. त्याच्या बायकोने रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी वाढल्या, वर लसणाची चटणी. तो म्हणाला, "साहेब, आमचं तेवढं बरं लिवा."

"आकड्यांना ओळखदेख नसते," मी म्हणालो आणि तिसरी भाकरी मागितली.

चाचणी सोपी आहे. डॉक्टर कोण आणि गाय गाभण राहिली की नाही, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं आधी धरायचं. तसं असतं तर थोरला-धाकटा, राहिली-नाही राहिली या तक्त्यातल्या चार घरांत किती किती गाई पडायला हव्या होत्या ते काढायचं. प्रत्यक्षात किती पडल्या ते बघायचं. प्रत्येक घरातल्या फरकाचा वर्ग, भागिले अपेक्षित आकडा, आणि चारही घरांची बेरीज. ती तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीच्या वर गेली की संबंध आहे म्हणायचं. माझी इतकी वर गेली की मी यंत्राचा दांडा आनंदाने उगाचच आणखी दोनदा फिरवला.

साहेबांना मी अर्धा तास समजावलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे पोरगा बिनकामाचा?"

आता, संबंध आहे एवढंच चाचणी सांगते, का आहे ते सांगत नाही. हे मला माहीत होतं. पण साहेब पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी म्हणालो, "तसं म्हणायला हरकत नाही."

महिनाअखेरीस धाकट्याला कमी केलं. त्याच्याकडचं सामान ताब्यात घ्यायला मलाच पाठवलं. तो वीर्य ठेवायचा थर्मास पुसून देत होता, तेवढ्यात एक शेतकरी मोडक्या शिंगाची गाय घेऊन आला आणि सरळ धाकट्याच्या, गाय अडकवून उभी करायच्या खोड्याकडे वळला.

मी सहज विचारलं, "पहिल्यांदाच आणली का?"

"पयली कशाची? थोरल्या डॉक्टराकडं दोनदा उलटली, गाभ धरंना. मग म्हनलं, आता ह्यो बघू."

"मग आधीच ह्यांच्याकडे का नाही आणली?"

"पयली यांच्याकडं कोन आनतंय? थोरल्याच्या हाताला गुन हाय. त्याच्यानं न्हाई झालं, तर मंग हितं. समदा गाव असंच करतो."

गावाची रीतच ती. धडधाकट गाई थोरल्याकडे, आणि त्याच्याकडून नापास झालेल्या धाकट्याकडे. शिवाय तीच गाय माझ्या तक्त्यात आधी थोरल्याच्या ओळीत आणि मग पुन्हा धाकट्याच्या ओळीत, दोन वेगळ्या गाई असल्यासारखी. एक गाय एकाच घरात, हा चाचणीचा पहिला धडा. मी मोजल्या होत्या खेपा, आणि म्हणत होतो गाई.

नगरला परतून प्रत्येक गाईच्या फक्त पहिल्या खेपा वेगळ्या काढल्या. थोरल्याच्या ढीगभर निघाल्या. धाकट्याच्या हाताच्या बोटांवर मावतील एवढ्या. त्याच्या घरांत अपेक्षित आकडा पाचाच्याही खाली गेला, आणि तिथे ही चाचणी लावायची नसते. तसं साहेबांना सांगितलं.

"म्हणजे आता निष्कर्ष काय?"

"काही निघत नाही, साहेब."

"आधीचा निघाला होता."

"तो चुकीचा होता."

"पण निघाला होता ना?" म्हणत त्यांनी पुढची फाईल ओढली.

चार दिवसांनी धाकटा एस.टी. स्टँडवर भेटला. बायको गाठोड्यावर बसली होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाले होते. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की मी पुन्हा गणित केलं. "काय निगालं?"

मी सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे लोकांनी पयल्यापास्नं माज्याकडं गाई आनल्या असत्या, तर तुमचं गनित झालं असतं."

"हो."

"आन् आता गाई यायच्या, तर मी कामावर पायजे."

"हो."

"मंग मिटलंच की," तो म्हणाला आणि बायकोला उठवून गाडीकडे गेला. तिने वळून विचारलं, "काय म्हनत्यात साहेब?"

"काय न्हाई. हिशोब बरोबर हाय म्हनत्यात."

मी कचेरीत आलो. साहेबांनी अकोले तालुक्यातल्या दोन डॉक्टरांचे आकडे टेबलावर ठेवले होते. चहा येईपर्यंत माझी चार घरं आखून झाली.