उलट्या सीटच्या सायकली

सायकलची सीट उलटी फिरवलेली दिसली की ती बिघडलेली, हात लावायचा नाही, ही खूण गल्लीला मिस्त्रीनंच शिकवली. बावीस वर्षांचं स्वतःचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद करून तो भाड्याच्या सायकलींच्या कंपनीत लागला होता. फोननं कुलूप उघडा, जा, दुसऱ्या स्टँडवर लावा, इतकं सोपं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी स्टँड हवाच म्हणून त्यानं साहेबाचं डोकं खाल्लं. स्टँड आला आणि दोन बस बदलणारी माणसं वीस मिनिटांत कामावर पोचायला लागली. मिस्त्रीचा धाकटा भाऊ त्यातलाच.

मग कंपनीचा तपासनीस सकाळी आठला येऊन मोजायला लागला, तर बारा सायकलींतल्या नऊ सीटा उलट्या. मिस्त्री बाकीचे स्टँड उरकून दुपारी पोचायचा, तेव्हा जेमतेम दोन उलट्या; तेवढ्याच तो वहीत लिहायचा.

साहेब म्हणाला, "एक तर तुझं काम कच्चं, नाहीतर तू खोटं लिहितोस. महिनाभर बघतो. नाहीतर स्टँड उचलला आणि तूही घरी."

मिस्त्रीला हे फार झोंबलं. त्याच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच स्टँडवर गेला. उलटी सीट असलेली एकेक सायकल तपासली. चेन, ब्रेक, चाकं, सगळं ठणठणीत. साडेआठला धाकटा आला, दोन शेजाऱ्यांना घेऊन, आणि खुशाल सीट सरळ करायला लागला.

"संध्याकाळी उलटी करून ठेवली की सकाळी आपल्याला मिळते," तो हसत म्हणाला. "तूच तर शिकवलंस, दादा."

"आणि स्टँड उचलला तर?"

"तू आहेस ना. साहेब ऐकतात तुझं."

ज्याला पाना धरायला शिकवलं, त्यानंच ही अक्कल चालवावी! पण आपलेच दात, आपलेच ओठ. साहेबाला नाव सांगितलं असतं तर धाकट्याला पुन्हा सायकल मिळाली नसती. मिस्त्रीनं दारोदार जाऊन हात जोडले, लोक हो हो म्हणाले, आणि सीटा उलट्याच राहिल्या.

महिन्यानं स्टँड गेला, नोकरीही गेली.

परवा मिस्त्री बसथांब्यावर उभा होता. पुढे धाकटा आणि ते दोघे शेजारी. रांगेतल्या शाळेच्या बाईंनी धाकट्याला विचारलं, स्टँड का हो काढला?

धाकट्यानं मागे पाहिलं नाही. "काय सांगू बाई, दादाचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही."

दोघा शेजाऱ्यांनी माना डोलावल्या.