कासवाचं विमान

जगातल्या यच्चयावत विमानकंपन्यांची कुळं, त्यांची दैवतं आणि त्यांची भाऊबंदकी तोंडपाठ असलेला माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो अर्धं आयुष्य माझ्या डोक्यावर राहत होता. म्हणजे ऊर्जानगरातल्या आमच्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. ते 'वरचे भाऊ' आणि त्यांच्या लेखी मी 'खालचे भाऊ'. वीजकेंद्रात ते कोळशाच्या पट्ट्यावर होते आणि मी पाण्याच्या प्रयोगशाळेत, त्यामुळे संध्याकाळी ते काळेकुट्ट होऊन यायचे आणि मी जसा गेलो तसा, यावरून दोघांच्या बायकांमध्ये साबणाच्या खर्चाची चर्चा चाले. मात्र विमानात हा माणूस कधी बसला नव्हता. नागपूरचा विमानतळसुद्धा त्यांनी बाहेरूनच पाहिला होता, तोही कुंपणाला नाक लावून, रखवालदार हाकलेपर्यंत.

वरचे भाऊ गोंड. राजुऱ्यापलीकडच्या डोंगरात त्यांचं गाव. तिथे पाहुणा आला की आधी पाणी आणि लगोलग प्रश्न: कुळ कोणतं, जनावर कोणतं? प्रत्येक कुळाचं एक जनावर असतं. ते मारायचं नाही, खायचं नाही, वाटेत दिसलं तर हात जोडायचे. भाऊंच्या कुळाचं कासव. हीच फूटपट्टी त्यांनी विमानांना लावली होती. शेपटीवर कांगारू बसवणारी ऑस्ट्रेलियाची कंपनी, जिराफवाली टांझानियाची, लांब शिंगांचं हरीण मिरवणारी कतारची, ही सगळी त्यांच्या मते घरंदाज मंडळी. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या प्रत्येक विमानावर वेगळं जनावर असतं, तिचा उल्लेख निघाला की ते खूश व्हायचे. "त्यायचं तर अख्खं ताडोबाच आहे, भाऊ!" ज्यांच्या शेपटीवर नुसत्या रंगीत रेघा, त्यांच्याविषयी मात्र वाईट बोलत नसत. "बिनकुळाचं आहे बिचारं," एवढंच म्हणायचे आणि घरात अडचण असलेल्या माणसाविषयी बोलावं तसा आवाज खाली आणायचे. त्या कांगारूला पूर्वी पंख होते, पुढे चित्र नवं करताना ते काढून टाकले, हे त्यांना फार उशिरा कळलं. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला. "उडत्या जनावराचे पंख कापते का कोणी?" असं ते मला जिन्यात विचारत होते, जणू कात्री माझ्याच हातात होती.

सगळ्यात मोठा घोळ सारसाचा झाला. जर्मनीच्या, पोलंडच्या आणि जपानच्या अशा तीन कंपन्यांच्या विमानांवर सारसाच्या जातीचा पक्षी आहे. म्हणजे तिघे सख्खे भाऊबंद. एकदा भल्या सकाळी भाऊ अर्धी दाढी करून खाली आले. अर्ध्या गालावर साबण तसाच.

"खालचे भाऊ, जर्मनीवाल्यायनं अन् पोलंडवाल्यायनं हात मिळवला म्हणते. एका कुळात सोयरीक होते का कुठी?"

मी म्हणालो, "अहो, तो धंद्याचा करार आहे, लग्न नाही."

"एका तिकिटावर दोघायच्या घरी जाता येते, एकमेकायचे पाहुणे सांभाळते. अजून सोयरीक कशाले म्हणते मंग?"  बायकोनं चहा पुढे केला. तो पिऊन झाल्यावर ते जरा निवळले आणि म्हणाले, "जपानवाला शहाणा आहे. तो कंपन्यायच्या दुसऱ्या पंगतीत बसला." आणि उरलेली दाढी करायला वर गेले.

जुन्या हवाई मार्गांवरही त्यांचा तसाच जीव. लंडनहून सिडनीला जाणारं विमान पूर्वी उड्या मारत जायचं, मधे कराची, कलकत्ता, सिंगापूर असे मुक्काम, म्हणून त्याला कांगारू मार्ग म्हणत. त्याही आधी तर राजस्थानात आणि ग्वाल्हेरकडे पाण्यावर तरंगणारी विमानं चक्क तळ्यात उतरायची. भाऊ हे नुसतं सांगत नसत, जगायचेही. घुग्घुसला एका सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो, तेव्हा कोळशाच्या ट्रकांच्या धुळीत त्यांनी प्रत्येक चहाटपरीवर गाडी थांबवली. "हे कराची." चहा. "हे कलकत्ता." पुन्हा चहा. सिंगापूरला भजीही झाली. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि नवरी निघायच्या तयारीत होती. मी चिडलो, पण भाऊ शांत. "लंडनहून निघालेल्या माणसाले कोणी विचारत होतं का, उशीर काऊन झाला म्हणून?" आचाऱ्यानं आम्हाला तळाचा भात आणि वांग्याची भाजी वाढली. भूक नव्हतीच, पोटात चहा आणि भजी होती.

हे वेड लागलं कुठून, हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. पूर्वी टपाल घेऊन मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची, रात्री नागपुरात भेटायची, थैल्यांची आणि माणसांची अदलाबदल करून पहाटेला आपापल्या गावी परत जायची. मद्रासचं विमान बरोबर भाऊंच्या डोंगरावरून जायचं. गावाला ते काय आहे याचा पत्ता नव्हता. भाऊ तेव्हा लहान, मायच्या कुशीत झोपलेले. वर घरघर सुरू झाली की माय हात जोडायची आणि विचारायची, "कोणाचं असंन रे हे? जनावर कोणतं असंन त्याचं?" दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न तिनं विमानालाही विचारला, इतकंच. पण त्या लेकराला उत्तर देता आलं नाही. पुढे शाळा, नोकरी, संसार सगळं झालं, तरी ते उत्तर शोधायचं काही थांबलं नाही. सुट्टीत गावी गेले की आधी मायजवळ बसून जगातल्या विमानांची जनावरं सांगायचे. माय गोंडीत हुंकार देत ऐकायची. मला हे कळलं त्या दिवसापासून घुग्घुसची पंगत मी त्यांना माफ करून टाकली.

आणि अशा माणसावर विमानात बसायची पाळी आली. त्यांची एकुलती एक लेक नर्स होऊन ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. तिला निरोप देतानाही यांनी रडायचं सोडून सांगितलं होतं, की महायुद्धात पर्थहून लंकेला जाणारं विमान इतका वेळ उडायचं की आतल्या माणसांना सूर्य दोनदा उगवताना दिसे. तिथेच तिचं लग्न झालं, दिवस गेले, आणि तिनं आईबाबांची तिकिटं काढून पाठवली. नागपूरहून चेन्नई आणि चेन्नईहून पुढे. भाऊंच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, बाळंतिणीच्या लाडूंची तयारी सुरू केली. भाऊंनी तिकीट पाहिलं, मोबाइलवर त्या कंपनीच्या विमानाची शेपटी पाहिली आणि चेहरा पाडून बसले. शेपटीवर रेघा होत्या.

"मी नाई येत," ते म्हणाले.

वहिनींचा आवाज खाली आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आला. "पोरीचं बाळंतपण तोंडावर आलं, अन् तुम्ही शेपटी पाहून राह्यले? घरचं मोठं कोणी नाई तिच्याजवळ तिथी!"

मी समजावायला वर गेलो. म्हटलं, कासवाचंच विमान हवं का तुम्हाला? "आहे ना," ते अगदी दीनपणे म्हणाले. "जपानवाल्यायनं रंगवलं आहे कासव. पण ते हवाई बेटावर जाते. माझी पोरगी तर पर्थले आहे." मग मोबाइल उलटा ठेवून म्हणाले, "हसू नका भाऊ. माय विचारन, कोणाच्या पाठीवर बसून गेला होता. मी का सांगू तिले?" मला हसू आलं नाही. डोळ्यांसमोर लेकीच्या बाळंतपणाला एकट्या निघालेल्या वहिनी आल्या, कारण हा माणूस मनानं मऊ असला तरी हट्टानं कासवच होता.

शेवटी वहिनींनीच त्यांना गावी न्यायचं ठरवलं आणि साक्षीदार म्हणून मला जीपमध्ये कोंबलं. माय अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिची मराठी तोडकी, माझी गोंडी शून्य, म्हणून वहिनी मधे मला अर्थ सांगत होत्या. भाऊंनी सगळी कर्मकथा सांगितली. बिनकुळाचं विमान, रेघा, जपानचं कासव. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि बोळक्या तोंडानं इतकी हसली की कोंबड्या पळाल्या.

"लेकरा, तुझा धाकटा भाऊ कसा आला आपल्या घरी?"

भाऊ खाली बघायला लागले. त्यांचा धाकटा भाऊ पाठचा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. कुठल्याशा बाजारात हरवलेलं परमुलखातलं पोर होतं ते. कुळ माहीत नाही, बोली माहीत नाही. मायनं एक घास घेतला, अर्धा आपण खाल्ला, अर्धा त्याला दिला. झालं कासवाच्या घरचं.

"ज्याचं कोणी नाई त्याले आपलं म्हणा लागते," माय म्हणाली. "रेघ काय, ठिपका काय. घास दे त्याले." आणि मूठभर वाळलेला मोह फडक्यात बांधून तिनं त्यांच्या हातात दिला.

ऑस्ट्रेलियात असलं काही घेऊन गेलं तर विमानतळावरच काढून घेतात, असं मी घाबरून सांगितलं. भाऊ माझ्याकडे कीव करून पाहत म्हणाले, "तिथी कायले नेतो? विमानाले द्यायचं आहे."

पुढचं मी पाहिलं नाही, वहिनींनी फोनवर सांगितलं. नागपुरात शिडी चढून भाऊ विमानाच्या दारात पोचले आणि थांबले. मागे रांग. त्यांनी फडकं सोडलं, एक फूल काढलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि उरलेलं अर्धं दाराशी धरून उभे राहिले. विमानाचं तोंड नेमकं कुठे असतं, याचा विचार आधी केलाच नव्हता. जगातल्या सगळ्या शेपट्या माहीत असलेला माणूस तोंडापाशी अडला. दारातली हवाई सुंदरी त्यांच्या पोटच्या पोरीएवढी. तिनं विचारलं, "अंकल, प्रसाद है?" भाऊंनी मान हलवली. पोरीनं ते अर्धं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं.

"खाल्लं हो तिनं!" वहिनी फोनवर हसत होत्या आणि रडतही होत्या. "मंग काय, चेन्नईपर्यंत यायनं तिले 'बेटी, बेटी' म्हणून हैराण करून सोडलं. अन् खिडकीतून खाली पाहून राह्यले तर मान वळवाचं नाव नाई."

नात झाली. बाळंतपण उरकून दोघं परत आले, भाऊ निवृत्त झाले आणि वरचा मजला रिकामा करून गावी मायजवळ राहायला गेले. आता वर एक तरुण जोडपं आहे. चांगलं आहे, आवाजही करत नाही. मला करमत नाही, हे सांगायला लाज कशाची?

दुपारी कधी नागपूरहून चेन्नईला जाणारं विमान वीजकेंद्राच्या चिमण्यांवरून दक्षिणेकडे सरकतं. मी अंगणात येतो आणि भाऊंना फोन लावतो. "निघालं हो इथून." ते "हो हो" म्हणत अंगणात येतात, हे त्यांच्या चपलांवरून कळतं. मग ते त्यांच्या डोंगरावर पोचेपर्यंत आम्ही दोघं फोन कानाला धरून वाट पाहतो. म्हातारीला आता ऐकू फारसं येत नाही, पण लेकानं मान वर केली की तिला समजतं. फोनमधून तिचा बारीक आवाज येतो, "कोणाचं व्हय रे?"

"आपलंच, माय," भाऊ म्हणतात, आणि त्यांच्या आवाजामागून तेच विमान मला पुन्हा ऐकू येतं.